सभागृहाची अनामत आणि तिसऱ्या शनिवारची गॉथ मंडळी

सचिव, बी-२०२

सर्व सभासदांस नमस्कार. तळमजल्यावरील सभागृह आपण गेली चार वर्षे दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी ज्या गॉथ संगीताच्या मंडळींना देत आलो, त्यांच्यात फूट पडल्याचे बहुतेकांच्या कानावर आले असेल. या आठवड्यात समितीकडे दोन पत्रे आली. एका पत्रात पाच हजार रुपयांची अनामत परत मागितली आहे. दुसऱ्या पत्राचे म्हणणे असे की, ती रक्कम सर्वांची असल्यामुळे कोणा एकाच्या हाती देऊ नये आणि तिसरा शनिवार त्यांच्याकडेच चालू ठेवावा. जिन्याखालच्या खोलीतील स्पीकर, पडदे आणि दिवे दोघेही आपलेच म्हणत आहेत. दोन्ही पत्रे लिहिणारे आपल्याच सोसायटीत लहानाचे मोठे झालेले असल्याने समितीने परस्पर निर्णय घेण्यापेक्षा त्यांनी येथे आपापली बाजू मांडावी, असे ठरले आहे. कृपया विषयाला धरूनच लिहावे.

सी-१०५

सचिवसाहेब, मला कोणाची बाजू घ्यायची नाही, पण दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली अशी की, ही मुले काळे कपडे आणि काळे ओठ करून येतात ती नेमकी कशासाठी, हे आम्हा जुन्या लोकांना कधी कोणी नीट सांगितलेच नाही. खाली मेणबत्त्या दिसल्या की आमच्या घरात काळजीचा विषय निघतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. या कार्यक्रमाला तिकीट नव्हते आणि कोणाला मानधनही नव्हते, असे आपणच सर्वसाधारण सभेत सांगितले होते. मग जिथे कोणालाच एक पैसा मिळत नव्हता, तिथे इतके टोकाचे भांडण होण्याचे कारण काय?

ए-७०२

काका, तुम्ही विचारलेत हे बरे झाले. चार वर्षांत हा प्रश्न कोणी थेट विचारला नव्हता, आणि आम्हीही आपण होऊन सांगायला आलो नाही, ही आमची चूक मी मान्य करते.

गॉथ हा कोणताही पंथ नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पंक या बंडखोर रॉक संगीताचा जोर ओसरल्यावर त्यातून निघालेली ही एक वाट आहे. बाउहाउस, सूझी अँड द बॅन्शीज, द क्युअर, सिस्टर्स ऑफ मर्सी हे त्यातले ठळक बँड. बास गिटार पुढे, गाणाऱ्याचा आवाज खर्जातला, आणि विषय मृत्यू, एकटेपणा, जुनी पडकी वास्तू असे. १९८२ साली लंडनच्या सोहो भागात बॅटकेव्ह नावाचा क्लब सुरू झाला, आठवड्यातून एका रात्री, आणि तिथून हा पेहराव सर्वदूर पोचला. आपल्याकडे संक्रांतीला काळी चंद्रकला नेसतात तेव्हा तिचे कौतुक होते. या मुलांना तो रंग वर्षभर आवडतो, इतकाच फरक आहे. मेणबत्त्या बॅटरीवर चालणाऱ्या होत्या. समितीने पहिल्याच सभेत ज्योत आणि धुराचे यंत्र या दोन्हींना मनाई केली होती आणि ती आम्ही एकदाही मोडली नाही.

अशी जागा लागते कशाला, हेही सांगते. २००७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात बेकप नावाच्या गावातील बागेत सोफी लँकेस्टर ही वीस वर्षांची मुलगी आणि तिचा मित्र यांना काही पोरांनी केवळ त्यांच्या वेशावरून बेदम मारले. मित्र वाचला, सोफी त्यात गेली. त्या घटनेनंतर तिच्या आईने केलेल्या कामामुळे २०१३ साली ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी अशा वेशामुळे होणारे हल्ले द्वेषमूलक गुन्हे म्हणून नोंदवायला सुरुवात केली. पुण्यात इतके टोकाचे काही आमच्या वाट्याला आले नाही. परंतु रिक्षातून उतरवले जाणे, बसथांब्यावर शेरे ऐकणे, घरी आल्यावर आजीने दृष्ट काढणे हे आमच्यातल्या जवळपास प्रत्येकीने अनुभवले आहे. महिन्यातले चार तास कोणी वळून बघणार नाही अशी एक जागा असावी, एवढ्यासाठी मी सभागृहाचा अर्ज केला होता.

आता तुमचा दुसरा प्रश्न. पैसा नव्हता म्हणूनच भांडण झाले, असे मी जबाबदारीने म्हणते. पैसा असता तर कोणी किती काम केले याची कुठेतरी नोंद राहिली असती.

कार्यक्रम साडेपाच ते साडेनऊ असला तरी आमचा शनिवार दुपारी दोनला सुरू व्हायचा. टेम्पो बोलवायचा, स्पीकर उतरवायचे, वरच्या मजल्यावर दणका जाऊ नये म्हणून त्यांच्याखाली जुन्या गादीचे तुकडे घालायचे, ट्यूबलाइटवर जांभळा जिलेटिन कागद लावायचा, आठ फुटी खिडक्यांवर रविवार पेठेतून आणलेले काळे कापड चिकटवायचे. रात्री दहानंतर सर्वसाधारणपणे ध्वनिक्षेपक चालत नाही हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक. आपली सभागृहाची वेळ त्याहून अर्धा तास आधी संपते, त्यामुळे साडेनऊला आवाज बंद करून घड्याळाकडे बोट दाखवण्याचे अप्रिय काम कोणीतरी करावे लागे, आणि ते मी करत असे. त्यानंतर सगळे जेवायला बाहेर पडत आणि आम्ही दोघी-तिघी मागे राहत असू. फरशीवरचा चिकटपट्टीचा डिंक नुसत्या पाण्याने निघत नाही. त्यावर खोबरेल तेल लावून दहा मिनिटे थांबावे लागते, मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने तो खरवडायचा आणि साबणाच्या पाण्याने पुन्हा पुसायचे, नाहीतर रविवारी सकाळी योगाच्या वर्गातील कोणाचा तरी पाय घसरेल. स्टीलच्या भांड्यांवरची काळी लिपस्टिकही आधी तेलाच्या बोळ्यानेच पुसावी लागते. हे सगळे मला चार वर्षांत पाठ झाले आहे.

आणि याहून मोठे काम म्हणजे पालकांचे फोन. सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका मुलीच्या आई पहिल्या तीन शनिवारी स्वतः आल्या आणि लोकरीचे विणकाम घेऊन दाराशी खुर्ची टाकून बसल्या. मी त्यांच्याजवळ बसून राहिले. चौथ्या वेळी त्यांनी मुलीला एकटी पाठवले, तेव्हा मला जे वाटले ते मी येथे लिहू शकणार नाही. घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस, असे माझी आई म्हणायची. मला त्या भाजायला आवडत होत्या, कारण बाकीचेही सगळे त्याच चुलीपाशी आहेत असे मी धरून चालले होते.

मागच्या वर्षी कोरेगाव पार्कातील एका ठिकाणाकडून आमच्या मंडळींना बोलावणे आले. नेहमीचे स्पीकर, नेहमीचे पडदे, नेहमीचा दुपारी दोनपासूनचा राबता. त्या रात्री संगीत लावणाऱ्या तिघांना मिळून पंधरा हजार रुपये मिळाले, हे मला दीड महिन्याने दुसऱ्याच कोणाकडून कळले. पोस्टरवर त्या तिघांची नावे होती आणि खाली बारीक अक्षरात ‘व सहकारी’ असे होते. ते पोस्टर रात्री एक वाजेपर्यंत बसून मीच तयार केले होते. नावांची ओळ नंतर बदलली गेली. मी विचारल्यावर मला उत्तर मिळाले की, हे पैसे कलेचे आहेत, खुर्च्या मांडण्याचे नाहीत. पुढे असेही म्हटले गेले की, मी मनापासून गॉथ नाहीच, मला फक्त व्यवस्था पाहण्याची हौस आहे.

जर्मनीतील लाइपझिग शहरात १९९२ पासून वेव्ह-गोटिक-ट्रेफेन नावाचा या संगीताचा मोठा मेळावा भरतो, आणि अलीकडे तिथे सुमारे वीस हजार लोक जमतात. २००० साली मेळावा चालू असतानाच आयोजकांचे दिवाळे निघाले आणि कामावरची माणसे निघून गेली. तरीही काही वादक विनामोबदला वाजवत राहिले, आणि जमलेल्या लोकांनी शांतपणे मेळावा पार पाडला. ही हकीकत आमच्यात अभिमानाने सांगितली जाते, मीही नव्या मुलांना ती सांगत आले आहे. त्या रात्री तारा ज्यांनी गुंडाळल्या, कचरा ज्यांनी उचलला, त्यांना कोणी ‘तुम्ही खरे गॉथ नाही’ असे म्हटले असेल, असे मला वाटत नाही.

अनामत माझ्या खात्यातून भरलेली आहे. पावती माझ्या नावाची आहे आणि तिची प्रत समितीकडे आहे.

बी-४०३

ताई, तुझे लिहिणे मी दोनदा वाचले. दुसरे पत्र मी लिहिले आहे, हे सगळ्यांना कळलेच असेल, म्हणून स्पष्टच लिहितो.

पावती ताईच्या नावाची आहे, हे खरे आहे. परंतु त्यानंतर वर्षभर आम्ही आठ-नऊ जण दरमहा दोनशे रुपये काढत होतो. त्यातून ती रक्कम तिला परत द्यायची आणि उरलेल्यातून टेम्पो भागवायचा, असे तोंडी ठरले होते. ते पैसे तिच्याकडेच जमा होत असत. तिने एक रुपयाही इकडचा तिकडे केला, असे माझे म्हणणे नाही आणि कधीही नव्हते. माझे म्हणणे इतकेच आहे की, ती अनामत आता तिची एकटीची राहिलेली नाही.

संगीत लावणे म्हणजे नुसते बटण दाबणे असे समजू नये. चार तासांच्या कार्यक्रमासाठी मी महिनाभर रात्री नोकरीवरून आल्यावर गाणी ऐकून क्रम लावत असे, आणि गाणी एकमेकांत मिसळण्याचा मिक्सर माझ्या पहिल्या बोनसमधून घेतलेला आहे. त्या पंधरा हजारांतील माझा वाटा मी त्याच मिक्सरच्या दुरुस्तीला दिला. हे मी तेव्हाच सांगायला हवे होते. न सांगता राहिलो, कारण विषय काढला की तू दुखावशील अशी भीती वाटली, आणि नंतर सांगण्याची वेळच निघून गेली. ‘खुर्च्या मांडण्याचे नाहीत’ हे वाक्य माझे नाही, पण ते उच्चारले गेले तेव्हा मी त्या खोलीत होतो आणि गप्प बसलो. पोस्टरवरची ओळ मात्र मी बदलली. त्या ठिकाणच्या लोकांनी फक्त वाजवणाऱ्यांची नावे मागितली होती, आणि मी तुला न विचारता ती ओळ बदलून पाठवली.

शनिवार बंद पडू नये, ही माझी खरी इच्छा आहे. नवीन आलेल्या मुलांना आमच्या भांडणाशी काही देणेघेणे नाही.

ए-३०१

मी या संगीतातले काही जाणत नाही, पण या भांडणातले जाणते. आपल्या सोसायटीच्या गणेशोत्सवाचा हिशेब आमच्या घरातून अकरा वर्षे ठेवला गेला. वर्गणीची पावतीपुस्तके, मांडववाल्याची उचल, विसर्जनानंतर निर्माल्याची पोती, सगळे. एका वर्षी समारोपाच्या आभारप्रदर्शनात यांचे नाव राहून गेले. मुद्दाम कोणी केले नव्हते. यांनी घरी येऊन वही कपाटात ठेवली आणि पुढच्या वर्षापासून आरतीलासुद्धा खाली उतरले नाहीत. लोक म्हणाले, एवढ्याशा गोष्टीवरून? त्यांच्या दृष्टीने ती अकरा वर्षे होती. पगारी माणसाला वाईट वाटले तर तो पगार घेऊन जातो. फुकट राबणाऱ्याच्या हातात तेवढेही नसते.

बी-४०३, तू लहानपणी आमच्याकडे पत्ते खेळायला यायचास, म्हणून हक्काने लिहिते. तू गप्प बसलास हे तू स्वतः लिहिलेस, ते चांगले केलेस. आणि ए-७०२, दरमहाच्या दोनशे रुपयांचा उल्लेख तुझ्या लिहिण्यात आला नाही, तो यायला हवा होता.

ए-७०२

काकू, तुमचे बरोबर आहे. दोनशे रुपयांची नोंद माझ्या वहीत आहे आणि ती मी लपवणार नव्हते, पण लिहिताना मनात पोस्टरच होते. रात्री वही काढून पाहिली. एकूण एकवीस हजार दोनशे रुपये जमले आणि टेम्पो, कापड, जिलेटिन कागद व सभागृहाच्या विजेपोटी अठरा हजार चारशे रुपये गेले. म्हणजे माझ्या पाच हजारांपैकी दोन हजार आठशे रुपये मला परत मिळाले असे धरावे लागेल, आणि अनामतीतला माझा भाग दोन हजार दोनशे इतकाच उरतो. हे मी पत्र देण्यापूर्वी करायला हवे होते.

वही उलटताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. तीत टेम्पोचे भाडे पैन् पै लिहिलेले आहे, पण कोणत्या शनिवारी कोण थांबले, फरशी कोणी पुसली, मुलींना रिक्षापर्यंत सोडायला कोण गेले, यातले एक अक्षर नाही. वही मीच ठेवत होते. म्हणजे माझे काम मीदेखील कधी लिहून ठेवले नव्हते, आणि त्याचे महिनाभर रात्री जागून लावलेले गाण्यांचे क्रमही त्यात कुठे नाहीत.

मिक्सर त्याचाच आहे, त्यावर माझा कोणताही दावा नाही. पडदे मी शिवलेले आहेत, ते मला हवेत. स्पीकर सर्वांच्या पैशाचे आहेत.

शनिवारबद्दल मात्र मी आज काही कबूल करू शकत नाही. मला त्या खोलीत पुन्हा जाऊन खिडक्यांना कापड लावण्याची इच्छा उरलेली नाही. ती परत येईल की नाही, हे मला सांगता येणार नाही.

सी-१०५

माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. मी आभारी आहे. सामानाची यादी करताना कोणी तिऱ्हाईत माणूस हवा असेल तर मी येऊन बसेन.

सचिव, बी-२०२

दोघांच्या लेखी म्हणण्यावरून समिती पुढीलप्रमाणे करीत आहे. रविवारी सकाळी दहा वाजता जिन्याखालची खोली उघडली जाईल, आणि सी-१०५ यांच्या उपस्थितीत सामानाची यादी होऊन दोघांच्या सह्या घेतल्या जातील. मिक्सर बी-४०३ यांना आणि पडदे ए-७०२ यांना त्याच वेळी देण्यात येतील. स्पीकर पुढील निर्णय होईपर्यंत सोसायटीच्या ताब्यात राहतील. अनामतीपैकी दोन हजार दोनशे रुपये ए-७०२ यांच्या नावे धनादेशाने परत केले जातील आणि उरलेले दोन हजार आठशे रुपये ज्यांनी वर्गणी दिली त्या सर्वांची मिळून सही आल्यावर दिले जातील. पुढील महिन्याचा तिसरा शनिवार सध्या कोणाच्याही नावावर नोंदवलेला नाही. ज्यांना सभागृह हवे असेल त्यांनी नव्याने अर्ज करावा, आणि त्या अर्जासोबत मांडणीला कोण, आवराआवरीला कोण आणि संगीताला कोण यांची नावे लिहून द्यावीत.

बी-४०३

रविवारी मी साडेनऊलाच येईन. खिडक्यांच्या चौकटींवर अजून चिकटपट्टीचे तुकडे राहिले आहेत, ते आधी काढून घेतो. ताई, खोबरेल तेल मी घेऊन येतो.