हेराल्डची बॉडी घरच्या अंगणात चेसिसवरून उतरवायची आहे, चौघांत जमेल का?

मिरजेचा_हेराल्डवाला

नमस्कार मंडळी. वडिलांची स्टँडर्ड हेराल्ड आहे. १९६७ ची, मार्क टू, दोन दारांची. त्यांनी ती १९७८ साली जुनी घेतली होती. १९९६ पासून परड्यातल्या शेडमध्ये उभी आहे. मागच्या दिवाळीत बाटलीतून पेट्रोल पाजून इंजिन चालू केलं. दुसऱ्याच झटक्याला लागलं! आई स्वयंपाकघरातून पळत बाहेर आली, तिला वाटलं बाबाच आले.

त्यामुळे जरा जास्तच हुरूप आला. चाकं काढायला म्हणून ड्रायव्हरच्या दाराखाली जॅक लावला. जॅक वर गेला, गाडी जागेवर. खाली वाकून बघतो तर जॅकचं डोकं चेसिसच्या, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, फाट्यात घुसलेलं आणि भाजलेल्या पापडासारखे गंजाचे तुकडे खाली पडलेले.

इथल्या डेंटरला दाखवलं. तो म्हणाला, "वरून पत्रा मारतो, पंधरा दिवसांत न्या." मन धजत नाही. नेटवर परदेशातले लोक बॉडी अख्खी उचलून बाजूला ठेवतात नि चेसिस मोकळी करून काम करतात. तसं करावं म्हणतो. शेड बारा बाय बावीस फूट, वर सिमेंटचे पत्रे, खाली कोबा. माणसं चार: मी (वय ५२), दोन भाचे आणि एक मेव्हणा, ज्याच्या कमरेचं मागच्याच वर्षी ऑपरेशन झालंय. वेल्डिंगला गेटं बनवणारा शेजारी आहे. जमेल का? की डेंटरचंच ऐकू?

पद्मिनीप्रेमी_ठाणे

वा! वाचूनच हात शिवशिवले. माझ्या ८४ च्या पद्मिनीचीही खालची बाजू गेलीय. मीही अशीच बॉडी उतरवू का? किती बोल्ट असतात?

टूलरूमकाका

ठाणेकर, थांबा. पद्मिनीला वेगळी चेसिसच नाही. फियाट ११०० ची बॉडी हीच तिची चेसिस. ॲम्बॅसेडरचंही तेच. बोल्ट शोधत बसाल आणि शेवटी ग्राइंडर घेऊन गाडीचे दोन तुकडे कराल. आपल्याकडच्या घरगुती गाड्यांत हा उद्योग हेराल्डवर चालतो, जीपवर चालतो. पद्मिनीला खालून पत्रा बदलणं हाच मार्ग.

आता मिरजकर. मी चिंचवडला टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर माझी हेराल्ड (१९६६, तुमच्यासारखीच) घराच्या पार्किंगमध्ये खोलली. सांगायचं एकच आहे, ते आधीच सांगतो. बॉडी उतरवणं ही एका दुपारची गोष्ट आहे. ती होती तशी परत बसवणं ही वर्षाची गोष्ट आहे, आणि ते वर्ष उतरवायच्या आदल्या दिवशी ठरतं. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी वही घ्या.

हेराल्डचं दार नीट लागतं ते बॉडीच्या ताकदीवर नाही. पुढचा खांब, ज्याला दाराचे बिजागर असतात, तो बॉडीच्या पुढच्या टबावर, म्हणजे पुढच्या अर्ध्या भागावर आहे. मागचा खांब, जिथे लॉक बसतं, तो मागच्या टबावर. हे दोन टब पुढच्या सीटच्या खाली एकमेकांना बोल्टने जोडलेले आहेत. दोन्ही ज्यावर बसलेत ती चेसिस वाकली की दाराची फट बदलते. दाराखालची ती लांब पट्टी नुसती शोभेची आहे, बोल्टने लावलेली. तिच्यावर भार नाही. भार आहे चेसिसमधून बाहेर आलेल्या फाट्यांवर, म्हणजे आउटरिगरवर. तुमचा जॅक नेमका तिथेच घुसलाय.

बॉडी आणि फाट्यांच्या मध्ये जागोजागी पॅकिंग आणि वॉशर असतात. कुठे एक, कुठे तीन, कुठे एकही नाही. ती कारखान्यातल्या माणसाने दार लावून, फट बघून घातलेली असतात. माझ्या मुलाने उत्साहात ती सगळी एका डालड्याच्या डब्यात टाकली. बॉडी परत बसवताना त्या डब्याने मला सात महिने छळलं. डावं दार लागलं की उजवं वर उचललं जायचं, उजवं बसवलं की बॉनेट तिरकं. तुम्ही प्रत्येक बोल्टला एक पिशवी करा. मेडिकलवाला गोळ्यांच्या छोट्या प्लास्टिक पिशव्या देतो, त्या उत्तम. आत बोल्ट, पॅकिंग आणि चिठ्ठी. वहीत तोच आकडा.

दुसरं, चारही बाजूंना दाराच्या फटी मोजून लिहा. वरची, मधली, खालची. मग दारं काढा आणि दाराच्या मोकळ्या चौकटीत अँगलचा आडवा तुकडा बसवा, पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत. वेल्ड नको, बोल्टने. नाहीतर उचलताना मधल्या जोडावर बॉडी केळ्यासारखी वाकते.

मग काढायचं ते काढा. आधी बॅटरी. पेट्रोलची टाकी डिकीत डाव्या हाताला आहे. ती रिकामी करून, काढून, शेडच्या बाहेर. गॅस-टॉर्च पेटवायच्या आधी, नंतर नाही. बॉनेट दोघांत निघतं, पुढच्या नळ्यांचे बिजागर आणि दिव्यांच्या वायरी सोडा. ब्रेक नि क्लचचे मास्टर सिलिंडर बॉडीवर आहेत, नळ्या खाली चेसिसवर. तिथे सोडताना खाली फडका धरा, ब्रेक ऑइल रंग खातं. स्टिअरिंगचा दांडा खालच्या रबरी कपलिंगपाशी. स्पीडोमीटरची केबल, चोक, ॲक्सिलरेटर, गिअरबॉक्सवरचं आतलं झाकण, इंजिनाची अर्थ-पट्टी. ही अर्थ-पट्टी सगळे विसरतात.

बोल्ट माझ्या गाडीवर अडीच सुती, म्हणजे ५/१६ इंची होते, त्यांना अर्ध्या इंची पाना लागतो. तेरा नंबरचा लावू नका. लागल्यासारखा वाटतो आणि कंगोरे खातो. डिझेलमध्ये जुनं ऑइल मिसळून चार दिवस रोज संध्याकाळी पाजा. तरी तीन-चार तुटतील. तुटू द्या.

आता माझी फजिती. सगळं सोडलं, चारी कोपरे जॅकने थोडे थोडे वर घेत होतो. तीन कोपरे वीतभर उचलले, उजवा मागचा हलेना. अजून एक बोल्ट राहिला म्हणून मी तासभर खाली पाठीवर पडून डांबर खरवडत होतो. बोल्ट नव्हताच. कधीतरी, माझ्या आधीच्या मालकाच्या काळात, कुणा डेंटरने मागच्या सीटखालचा पत्रा आणि आउटरिगर असा एकच ठिगळ मारून वेल्ड केला होता, वरून डांबर फासलं होतं. म्हणजे बॉडी आणि चेसिस, दोघांचं लग्नच लावून दिलेलं! छिन्नी मारली तर आतून वाळवीच्या वारुळासारखी लाल माती पडली. ग्राइंडरच्या चकतीने तो ठिगळ कापला तेव्हा बॉडी आपोआप बोटभर वर उडाली. म्हणजे इतकी वर्षं ती ताणलेली होती. उजवं दार का आपटावं लागायचं ते तेव्हा कळलं. तुमचा डेंटर "वरून पत्रा मारतो" म्हणतोय ते हेच.

उचलायला चौघे पुरणार नाहीत, मेव्हणे तर अजिबात नकोत. काचा, सीट, दारं काढल्यावर बॉडी हलकी होते, पण वजनापेक्षा पकड अवघड. मिरजेत तालमीतली आठ पोरं मिळतील. मंडपवाल्याकडून दोन जाड बल्ल्या आणा. एक पुढच्या टबाखालून आडवी, एक मागच्या. प्रत्येक टोकाला दोघे. उचलून बल्ल्यांची टोकं चार रिकाम्या बॅरलांवर ठेवायची आणि चेसिस तिच्याच चाकांवर पुढे ढकलून बाहेर काढायची. मागचे टायर बॉडीच्या खालून जायचेत, म्हणून दोन फुटांहून जास्त उंची हवी. बॅरल त्याला बरोबर पुरतं. शेडच्या पाइपला चेन पुली लावायचा विचार असेल तर सोडा. सिमेंटचे पत्रे डोक्यावर येतील.

आणि गेटवाला शेजारी माणूस चांगला असेल, पण त्याचं आर्क वेल्डिंग या पत्र्याला भोकं पाडेल. मिग वेल्डिंगवाला बघा, ते बारीक तारेचं असतं, पातळ पत्र्याला चालतं.

कोव्हेंट्रीकर

काका, डालड्याचा डबा वाचून हसलो, मग आमच्या गॅरेजमधला माझा बिस्किटांचा डबा आठवला.

मी मूळचा कोल्हापूरचा, आता कोव्हेंट्रीत. आपली स्टँडर्ड हेराल्ड ही मुळात इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड, आणि ट्रायम्फचा कॅनली कारखाना याच गावात होता. हेराल्ड अशी तुकड्यातुकड्यांची का, त्याची गंमत सांगतो. १९५९ साली ही गाडी आली तेव्हा बाकीचे सगळे चेसिस सोडून अखंड बॉडीकडे निघाले होते. पण बॉडी दाबून देणारी मोठी कंपनी, फिशर अँड लडलो, १९५३ मध्येच ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने, विकत घेतलेली. अख्खी बॉडी करून देणार कोण? म्हणून वेगळी चेसिस ठेवली आणि बॉडीचे भाग निरनिराळ्या ठिकाणी करून बोल्टने जोडले. वर मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरने इतकं देखणं रूप दिलं की कुणाला शंका येऊ नये. त्यांची अडचण झाली, आपली साठ वर्षांनी सोय.

इथे आउटरिगर नवे तयार मिळतात, हेराल्ड आणि तिची सहा सिलिंडरची बहीण व्हिटेस, दोन्हींसाठी. तुमच्या मार्क टूला ते चालावेत, पण मागवायच्या आधी मापं पाठवा, मी इथल्या गाडीवर ताडून बघतो. चार दारांची मार्क थ्री ही फक्त भारतात झाली, तिच्या दारांचं काही इथे शोधू नका.

एक सल्ला, काकांना पुरवणी म्हणून. सगळे फाटे एकदम कापू नका. एक कापा, लावा, मोजा, मग दुसरा. सगळे एकदम उडवले की मोजायला खूणच उरत नाही.

सातारा_जीपवाला

कागदाचं कुणी बोललं नाही म्हणून. चेसिस नंबर कोरलाय ती जागा आधी शोधा, घासून फोटो काढा, पेन्सिल प्रिंट घेऊन ठेवा. माझ्या जीपच्या वेळी सँडब्लास्टिंगवाल्याने (वाळूच्या फवाऱ्याने गंज काढतो तो) विचारायच्या आत नंबरावरून नळी फिरवली. अर्धे आकडे पुसट. पुढे काय झालं ते विचारू नका. त्या जागेवर ग्रीस लावून टेप मारा.

आणि तुमची गाडी पन्नास वर्षांच्या वरची आहे. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेतला नंबर मिळू शकतो. पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. म्हणून फाटे बदला, अख्खी चेसिस बदलू नका. डागडुजीचे फोटो आणि बिलं जपा.

मिरजेचा_हेराल्डवाला

सगळ्यांचे आभार. डेंटरला नाही म्हणून सांगितलं. तीन आठवडे गेले, काल बॉडी उतरली!

तालमीतून नऊ पोरं आली. उचलायला चार मिनिटं लागली, नंतर मिसळ खायला दीड तास. काका, अर्थ-पट्टी मी विसरलो नाही. विसरलो ते डिकीच्या दिव्याची वायर. तुटली, पण तेवढंच. पॅकिंगच्या पिशव्या केल्या. डाव्या पुढच्या फाट्याला तीन निघाली, उजव्याला एकही नाही. वहीत लिहिलंय.

आता घाबरवणारी गोष्ट. चेसिस बाहेर ढकलली आणि मागची दोन्ही चाकं वाकडी झाली! वरून बाहेर पसरलेली, खालून आत आलेली. मागून बघितलं की इंग्रजी व्ही. पोरांनी उचलताना काही वाकवलं का? स्प्रिंगचे बोल्ट सोडून बघू?

आणि चेसिस चौरस आहे का बघायला तिरके कर्ण मोजले, एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत. एक बाजू दुसरीपेक्षा बारा मिलिमीटर जास्त येतेय. चेसिस गेली का?

टूलरूमकाका

स्प्रिंगला हात लावू नका!! काही वाकलेलं नाही. हेराल्डला मागे एकच आडवी पाट्यांची स्प्रिंग असते, दोन्ही चाकांचे दांडे मधून लोंबतात. वरचं वजन गेलं की स्प्रिंग उसळते आणि चाकं अशीच मांडी घालतात. बॉडी परत बसली, चार माणसं बसली की सरळ होतील. मीही त्या रात्री झोपलो नव्हतो.

कर्णाचं वेगळं. चाकांवर उभी असताना मोजलंत का? चेसिस घोड्यांवर (स्टँडवर) घ्या. गवंड्याची पाण्याची नळी लावून चारही कोपरे एका पातळीत आणा. मग बॉडीच्या बोल्टच्या भोकांतून ओळंबा सोडून कोब्यावर खडूने खुणा करा, आणि मोजायचं ते खुणांवर. वरून चेसिसवरच टेप ताणली की मध्ये गिअरबॉक्स येतो, टेप वाकते.

टेप कुठली वापरली?

मिरजेचा_हेराल्डवाला

हिची शिवणकामाची.

टूलरूमकाका

स्टीलची आणा. मग बोलू.