श्रोत्यांच्या आधी हेतू
भाषण कसं करावं यावर बोलताना 'समोर कोण बसलंय ते बघून भाषा बदला' असं सांगतात ते बरोबर आहे, पण अर्धंच. श्रोते तेच असले तरी हेतू बदलला की भाषणाचा सांगाडाच बदलावा लागतो. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने भाषणांचे तीन प्रकार केले ते ऐकणाऱ्याने काय करायचंय यावरून: झालेल्या गोष्टीचा निवाडा (न्यायसभा), पुढे काय करायचं याचा निर्णय (नगरातल्या लोकांची सभा), किंवा नुसतं ऐकून दाद देणं (गौरव, श्रद्धांजली). म्हणजे भूतकाळ, भविष्यकाळ आणि बहुतांशी वर्तमान. अडीच हजार वर्षं होत आली, तरी मला अजून याहून सोपी चाळणी सापडलेली नाही.

माझा स्वतःचा फजितीचा किस्सा. नवी संगणकप्रणाली घ्यावी म्हणून वरिष्ठांसमोर केलेलं भाषण चांगलं वठलं, मंजुरी मिळाली. तेच भाषण, तीच चित्रं घेऊन महिन्याभराने ती रोज वापरणाऱ्यांसमोर उभा राहिलो. भाषा मुद्दाम सोपी केली होती, दोन विनोदही पेरले होते. पंधराव्या मिनिटाला मागून एकजण म्हणाला, "साहेब, घ्यायची हे ठरलंय ना? मग चुकीची नोंद पडली तर खोडायची कशी ते दाखवा." मी अजूनही पटवतच होतो, त्यांना शिकायचं होतं! पुढचा पाऊण तास भाषण बाजूला ठेवून पडद्यावर एकेक नोंद करून दाखवली. आवाजाची पट्टी, हातवारे वगैरे ज्यावर एरवी एवढी चर्चा होते, त्याकडे तेव्हा कोणाचं लक्षही नव्हतं.