डब्लिनचे सगळेच पब 'नकली' नाहीत

अनेकदा म्हटलं जातं की लेखकांच्या नावावर चालणारे आयरिश पब म्हणजे निव्वळ देखावा. जगभर जे तयार लाकूडकाम आणि जुनाट पाट्या कंटेनरमधून मागवून उभे राहतात, त्यांच्याबद्दल मान्य. पण डब्लिनच्या ड्यूक स्ट्रीटवरचं डेव्ही बर्न्स त्यात धरू नका. तिथे उलटं झालंय, पब आधीचा, कादंबरी नंतरची. आयरिश लेखक जेम्स जॉईसच्या 'युलिसिस' कादंबरीचा नायक ब्लूम आधी दुसऱ्या खाणावळीत शिरतो, तिथे बकाबका खाणारी माणसं बघून त्याला शिसारी येते, मग तो इथे येऊन गॉर्गोन्झोला चीजचं सँडविच मोहरी लावून खातो, सोबत बर्गंडी वाइन. (चीजचा वास थेट पायमोज्यांचा, पण मोहरीमुळे निभावतं!) कादंबरी घडते ती तारीख १६ जून, म्हणून दर १६ जूनला लोक तिथे हेच मागवतात.

समोरच्या 'बेली' पबची गोष्ट तर त्याहून भारी. १९५४ साली लेखक फ्लॅन ओब्रायन, कवी कॅव्हनाघ वगैरे मंडळी घोडागाडीतून पहिल्या ब्लूम्सडेला (ब्लूमच्या नावाने साजरा होणारा १६ जून) निघाली, त्यांच्यातला जॉन रायन या बेलीचा एकेकाळचा मालक. पुढे ब्लूमच्या घराचं, ७ एक्लस स्ट्रीटचं, पाडकामातून वाचवलेलं दार त्याने पबातच आणून बसवलं. आता ते जेम्स जॉईस सेंटरमध्ये आहे.