अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचे गुण सादरीकरणावर ठरावेत का?

धागाकर्ता
संगणकशास्त्राच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचे बहुतेक गुण शेवटच्या सादरीकरणाला देणे मला अन्यायाचे वाटते. डेमोत विद्यार्थी आधी ठरवलेल्या वाटेनेच प्रणाली चालवून दाखवतात; चुकीची माहिती भरली तर काय होते, किंवा दोघांनी एकाच वेळी तीच नोंद बदलली तर कोणाचा बदल टिकतो, हे प्रश्न तिथे निघतच नाहीत. म्हणून आवश्यकता (प्रणालीने काय काय करायला हवे) कशा ठरल्या, मध्येच का बदलल्या आणि चाचण्या केव्हा लिहिल्या गेल्या, हे गिटमधील (कोडमधील बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनातील) नोंदींवरून तपासून निम्मे गुण या प्रक्रियेला द्यावेत.

प्रतिसाद १
मी सहमत नाही. गिटमधील कमिटची, म्हणजे नोंदवलेल्या प्रत्येक बदलाची, तारीख विद्यार्थ्याच्याच संगणकावरून येते आणि ती हवी तशी बदलता येते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात लिहिलेला कोड वर्षभर लिहिल्यासारखा दाखवणे अवघड नाही. प्रक्रियेला गुण ठेवले की प्रक्रियेचे कागद तयार होतात. प्रणाली चालते की नाही, हे मात्र परीक्षकाला स्वतः पाहता येते, आणि न चालणाऱ्या प्रणालीला उत्तम गुण मिळणे मला पटत नाही.

प्रतिसाद २
गटातील सर्वांना सारखेच गुण का, हा प्रश्न दोघांनीही सोडला आहे. कमिट मोजून प्रत्येकाचा कामातला वाटा ठरवणे तर अधिकच चुकीचे: दोघांनी एकत्र बसून लिहिलेला कोड बहुधा एकाच्याच नावावर जातो, आणि शेकडो अनावश्यक ओळी काढून टाकणाऱ्याचे काम ओळींच्या मोजणीत उणे दिसते.

धागाकर्ता
तारखांचा आक्षेप मान्य आहे. त्यावर उपाय म्हणजे मार्गदर्शकाने दर महिन्याला कोडची प्रत स्वतःकडे घ्यावी आणि तोंडी परीक्षेत प्रत्येकाला वेगवेगळे बसवून त्याच्याच भागात एखादा छोटा बदल करायला सांगावा. ज्याने तो भाग समजून लिहिला आहे, त्याला बदल कुठे करायचा हे लगेच सांगता येते. वाट्याचा प्रश्नही इथेच बराचसा सुटतो. परंतु ‘चालते का’ हा एकमेव निकष ठेवला, तर कोणीही कठीण विषय घेणार नाही. एखादी पद्धत अपेक्षेपेक्षा संथ का ठरली, हे मोजमापांनिशी दाखवणारा प्रकल्प मी अपयशी मानत नाही.

प्रतिसाद १
मोजमापे असतील तर तो प्रकल्प मीही मान्य करेन, पण यशाचा निकष सुरुवातीलाच लेखी ठरलेला हवा. शिवाय वर्षभर मदत करणारा मार्गदर्शकच गुण देणार असेल, तर तोंडी परीक्षा दुसऱ्या परीक्षकाने घ्यावी, हा माझा आग्रह कायम आहे.