तळलेले गरे खाल्ले आणि सिलिअॅकचा त्रास सुरू, गहू आला कुठून?

वेंगुर्लेवाला
नमस्कार मंडळी. बायकोला सिलिअॅक आहे, म्हणजे गहू-बार्लीतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होते. रक्ताची टीटीजी टेस्ट (या आजारातली अँटीबॉडी किती वाढलीय ते बघतात), मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासणी, सगळं रीतसर झालंय, त्यामुळे गहू, रवा, मैदा, बार्ली घरातून हद्दपार. तसं आपल्याकडे फार जड जात नाही, सकाळी घावणे नाहीतर आंबोळी, दुपारी भात आणि माशाची कढी, मासे तळायचे तर रव्याऐवजी तांदळाचं पीठ. पण परवा मुंबईहून चाकरमानी आले, येताना बाजारातून तळलेल्या गऱ्यांचं पाकीट घेऊन आले, मागे लिहिलंय फणस, तेल, मीठ, हळद, बस. मी स्वतः वाचलं. हिने चहाबरोबर वाटीभर खाल्ले आणि रात्री पोट फुगून दगड, उलट्या, सकाळपासून जुलाब, डोकं जड. आता फणसात गहू कुठून येणार? की दुसरंच काही बाधलं? आणि हे लवकर थांबायला काही गोळी असते का?

कट्ट्यावरचा
अरे तेलान काय होता रे? वाटीभर गऱ्यांनी कोण आजारी पडतं? उन्हाचं असेल. कोकम सरबत द्या आणि झोपू दे. हे ग्लूटेनचं फॅड हल्लीच निघालंय, आमच्या आजीच्या वेळी कोणाला नव्हतं.

भाकरीवाली
कट्ट्यावरचे दादा, आजीच्या वेळीही असणार, नाव माहीत नव्हतं एवढंच. गव्हामुळे हे होतं हे तिकडे हॉलंडमधल्या डिके नावाच्या मुलांच्या डॉक्टरांनी १९५० च्या सुमारास दाखवलं, म्हणजे फॅडला पाऊणशे वर्षं झाली. आणि ही अॅलर्जी पण नाही, शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं.

वेंगुर्लेवाले दादा, माझ्या मुलीला आहे म्हणून सांगते. गोळी नाही. ऑनलाइन एन्झाइमच्या गोळ्या विकतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. ओआरएस थोडं थोडं पाजा, पेज द्या मीठ घालून, आराम. पाणीसुद्धा टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल, ताप किंवा शौचात रक्त दिसलं तर मात्र थांबायचं नाही, सरळ डॉक्टर. कारण उलट्या-जुलाब बिघडलेल्या खाण्यानेही असेच होतात, नुसत्या लक्षणांवरून ग्लूटेनच होतं असं छातीठोक कोणी सांगू शकत नाही.

राहिलं किती खाल्लं ते. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन महिनोन्‌महिने पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते असं अभ्यासात दिसलंय, आणि ब्रेडच्या एका स्लाइसमध्येच दोनेक ग्रॅम असतं, म्हणजे स्लाइसचा चाळिसावा भाग! आपल्याकडे पाकिटावर ग्लूटेनमुक्त छापायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी लागतं. नुसती घटकांची यादी वेगळी आणि ते छापणं वेगळं. यादीत काय घातलं ते असतं, कढईत आधी काय तळलं ते नसतं.

तळणकाम
कढईचंच म्हणायला आले. आमचा छोटा गृहउद्योग आहे, पाकीट आमचं नाही पण धंदा माहितीये. मे महिन्यात गऱ्यांची घाई असते कारण फणस कच्चा असतानाच करावे लागतात, आणि बहुतेकांकडे मोठी कढई एकच. शंकरपाळे, मैद्याची खारी पुरी, फरसाण निघालं की त्याच तेलात गरे, केळ्याचे वेफर्स. तेल रोज बदलणं कोणाला परवडत नाही. खाली जो काळा चुरा बसतो ना, तो मैद्याचाच. तळल्याने ग्लूटेन मरत नाही. मग झारा तोच, परात तीच, पाकिटं भरायची ओट्यावर जिथे सकाळी मैदा मळला.

गरेच नाही हो. तांदळाची चकली म्हणून विकतात त्यात कधी थोडा मैदा असतो. शेवेच्या बेसनात भेसळ वेगळीच. कुरडई तर गव्हाचीच, आणि पापड त्याच तेलात.

भाकरीवाली
आणि हिंग! चिवडा, पापड, फोडणी सगळीकडे. डबीतला बांधानी हिंग मैद्यात नाहीतर तांदळाच्या पिठात बांधलेला असतो, डबी फिरवून वाचायची. मेतकुटात गहू असतो, थालीपिठाच्या भाजणीत असतो, कोंबडी-वड्यांच्या पिठातही काही घरांत घालतात, म्हणून कोणाकडे जेवायला गेलं की मी वडे नको म्हणते, लोक रागावतात, रागावू देत. गिरणीत आधी कोणाचे गहू दळले असतील तर तुमचे तांदूळपण गेले. आम्ही तांदूळ, नाचणी, कुळीथ घरच्या छोट्या चक्कीवरच दळतो.

वेंगुर्लेवाला
आभार. आता बरी आहे, पेज टिकली, संध्याकाळी भात मागितला. गिरणीचं डोक्यातच आलं नव्हतं. आता टीटीजी परत करायची का? आणि हिला गरे फार आवडतात हो, कायमचे बंद?

भाकरीवाली
एकदा चुकून खाल्ल्यावर टीटीजी वाढेलच असं नाही, नॉर्मल आली म्हणून काही गेलंच नव्हतं असंही नाही. डॉक्टरांनी ठरवलेली नेहमीची तपासणी चुकवू नका, त्यांना हा प्रसंग सांगा. आणि त्रास झाला नाही म्हणजे चाललं असंही समजू नका, माझ्या मुलीला बाहेरून काही कळत नाही आणि आत आतडं सुजतं.

तळणकाम
बंद कशाला, घरी तळा. नवं तेल, कढई आणि झारा त्यांच्यासाठी वेगळा, लाकडी उलथनं जुनं वापरू नका. ओळखीच्या बाईला सांगून ठेवलंत तर तेल बदलल्या दिवशी पहिला घाणा गऱ्यांचा काढून देईल, मी देते दोन गिऱ्हाइकांना, पण ओटा आणि परात घासलीय का ते उभं राहून बघा. फणस काप्या घ्या. बरक्याचे गरे तळले तर लिबलिबीत होतात आणि तेल फुकट जातं.