प्रतिसाद: अल्फा-१ आणि लिव्हर

भावा, तू विचारलंस की अल्फा-१ चं (फुफ्फुसाचं रक्षण करणारं अल्फा-१ अँटीट्रिप्सिन हे प्रोटीन रक्तात कमी पडायचा आनुवंशिक आजार) ते दर आठवड्याचं, बाहेरनं तेच प्रोटीन द्यायचं सलाईन चालू केलं की लिव्हरपण सुधारंल का, तर नाही, त्याचा उपयोग फुफ्फुसालाच, कारण झेड जीनमुळं (ह्या आजारातला बिघडलेला जीन) हे प्रोटीन लिव्हरमध्येच वाकडंतिकडं होऊन अडकून बसतंय, बाहेरनं कितीबी दिलं तरी आतलं साठलेलं हलत नाही. लिव्हरचं वेगळंच बघायचं, एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी), सोनोग्राफी, डॉक्टर म्हटले तर फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते बघायची तपासणी), हिपॅटायटीस ए-बीची लस आणि दारू बंद (रस्सा मंडळात 'एकच घे की' म्हणणारे भेटतातच, फाट्यावर मार). फुफ्फुसासाठी धूर-धूळ टाळायची: घर गुऱ्हाळाला लागून म्हणालास, तर हंगामात चिमणी पेटली की त्या बाजूच्या खिडक्या लावूनच ठेव. आणि शिरोलीतली फौंड्रीची नोकरी बदलायचं बघच, नुसती सिगरेट सोडून भागणार नाही. सख्ख्या भावंडांची ह्या प्रोटीनची रक्तातली लेव्हल तपासली का?