न्यूझीलंडला एकट्याने पाच-सहा दिवसांचा ट्रेक, हटमध्ये मुक्काम. कोणी केलाय का?

सातपूरचा_भटक्या

नमस्कार मंडळी. मी नाशिकचाच, एमआयडीसीत नोकरी, ट्रेक म्हणजे आपले नेहमीचेच, अंजनेरी, हरिहर, साल्हेर, कळसूबाई तर मोजणंच सोडलंय. जानेवारीअखेर ताईकडे क्राइस्टचर्चला चाललोय. तिकिटं झालीत. आता तीन आठवडे नुसतं भाच्याला बागेत फिरवण्यात घालवायचे नाहीत म्हणून नेल्सन लेक्स नॅशनल पार्कमधला ट्रॅव्हर्स-सबीन नावाचा ट्रेक डोक्यात बसलाय. ८० किमीची फेरी आहे, ४ ते ७ दिवस लागतात, एका नदीच्या खोऱ्यातून वर चढत जायचं, १७८७ मीटरवरची खिंड ओलांडायची आणि पलीकडच्या नदीच्या खोऱ्यातून खाली यायचं. रात्री हटमध्ये. दाजींना विचारलं तर म्हणे माझे गुडघे गेलेत (ट्रेकचं नाव काढलं की जातात, एरवी बॅडमिंटन चालतं) म्हणजे मी एकटाच.

विचारायचं असं की हट म्हणजे नक्की काय असतं? आपण कसं, गावात कोणाच्या पडवीत नाहीतर मारुतीच्या देवळात पथारी टाकतो, मावशी पिठलं-भाकरी देतात, तसं काही तिकडे असतं का? आणि एकट्याने जाणं हा वेडेपणा आहे का तेही सांगा. आईला अजून बोललेलो नाही.

मेघा_गंगापूररोड

दादा, मी तिकडे दोन वर्षं होते आणि हाच ट्रेक केलाय, एकटीनेच. वेडेपणा नाही पण पिठलं-भाकरी विसरा. वाटेत एकही गाव नाही. सुरुवातीचं सेंट अरनॉड गाव सोडलं की परत सेंट अरनॉडलाच माणसांची वस्ती.

हट म्हणजे जंगलात बांधलेली लाकडी खोली समजा. डीओसी म्हणजे तिकडचं वनखातं म्हणा, त्यांच्या अशा साडेनऊशेहून जास्त हट देशभर आहेत. आत लांबच लांब फळ्यांचे ओटे, त्यावर गाद्या, मधे लाकडं जाळायची शेगडी, बाहेर पावसाच्या पाण्याची टाकी, आणि थोडं लांब संडास. बस. पांघरूण नाही, भांडी नाहीत, गॅस नाही. स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, पातेलं सगळं आपलं आणि कचरासुद्धा आपल्याच पाठीवरून परत न्यायचा. या वाटेवरच्या बहुतेक हटना बॅककंट्री हट पास चालतो आणि जो आधी येईल त्याची गादी. शेजारच्या एंजेलस हटला मात्र तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, बुकिंग लागतं. नियम बदलत असतात, निघायच्या आधी डीओसीच्या साइटवर बघून घ्या.

मी पहिल्या दिवशी तळ्याच्या काठाने लेकहेड हट, मग जॉन टेट, मग अप्पर ट्रॅव्हर्स अशी गेले. ते तीन दिवस म्हणजे बीच नावाच्या झाडांचं जंगल, खाली शेवाळ एवढं जाड की पावलाचा आवाजच येत नाही, आणि झाडांवर केशरी त्रिकोण ठोकलेले. तेवढे बघत चालायचं. सोपं आहे. खरा दिवस चौथा. खिंडीत चढून पलीकडे वेस्ट सबीन हटपर्यंत साधारण हजार मीटरचा उतार एका दमात, म्हणजे कळसूबाईवरून बारीत उतरतो ना त्याहून जास्तच, तोसुद्धा पाठीवर तेरा-चौदा किलो घेऊन. दाजींना आणलं नाहीत तेच बरं.

वेस्ट सबीनवरून एक दिवस ब्लू लेकसाठी ठेवाच ठेवा. इतकं स्वच्छ पाणी की मोजणी केली तेव्हा ८० मीटरपर्यंतचं दिसत होतं. माओरी लोकांसाठी ते पवित्र आहे म्हणून त्यात हात घालायचा नाही, बाटली बुडवायची नाही, पाय धुणं तर लांबच. आपल्याकडे रामकुंडावर जे चालतं ते आठवून मला तिथे फार विचित्र वाटलं होतं खरं सांगायचं तर.

पप्पू_अंबड

तिकडे बिबट्या नाही म्हणे. मग काय घाबरायचं भाऊ, आपल्या गंगापूर रोडपेक्षा सेफ

मेघा_गंगापूररोड

बिबट्या नाही, साप नाही, काहीच नाही. पण सँडफ्लाय आहेत, डासापेक्षा छोट्या आणि दसपट हलकट, थांबलात की पायावर. उन्हाळा संपत आला की गांधीलमाश्या. आणि किआ नावाचा डोंगरी पोपट, रात्री बूट बाहेर ठेवलेत तर सकाळी लेस शोधत बसाल.

काका_पंचवटी

मी परदेशात ट्रेक केलेला नाही, पण डोंगर पस्तीस वर्षं केलेत म्हणून बोलतो. राग मानू नये. वर कोणीच पाण्याबद्दल बोललं नाही. नदीच्या खोऱ्यातून जायचं म्हणता आणि पोपटाच्या गप्पा मारता.

एकदा रतनवाडीहून परत येताना ओढा आडवा आला, सकाळी जाताना घोट्याएवढा होता, दुपारी वर कुठेतरी कोसळला असणार, आमच्याकडे तर ऊन होतं. पाणी गुडघ्याला, रंग चहासारखा, आणि तळाला दगड गडगडल्याचा आवाज. तो आवाज ऐकून मी बसलो. बरोबरचा म्हणाला काका चला, काही नाही होत. मी नाही उठलो. अडीच तास बसलो, पाणी उतरलं, गेलो. आपण नाशिककर पूर बघतो तो गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून, पाणी कमरेला की गळ्याला हे पुलावर उभं राहून बघायचं असतं. ओढ्यात उभं राहून नाही.

तर प्रश्न असा की तिथे ओढे आहेत का आणि पूल आहेत का? एकट्या माणसाला हात द्यायला कोणी नसतं.

मेघा_गंगापूररोड

काका, शंभर टक्के बरोबर, मीच आधी लिहायला हवं होतं. मोठ्या नद्यांवर पूल आहेत. बाजूने येणाऱ्या ओढ्यांवर नाहीत, आणि जोराचा पाऊस झाला की तेच अडवतात. पूर्वीच्या काळी तिकडे इतके लोक नद्या ओलांडताना बुडायचे की बुडून मरण्याला न्यूझीलंडचं मरण असंच म्हणायचे.

चांगली गोष्ट ही की ते ओढे जसे भरतात तसे उतरतातही भराभर. म्हणून एक दिवसाचं जास्तीचं जेवण. मी स्वतः जॉन टेट हटवर दीड दिवस अडकले होते, तिथे एक साठीच्या पुढच्या बाई होत्या, त्या शांतपणे मोजे विणत बसलेल्या. मी दर अर्ध्या तासाने दार उघडून आभाळ बघायचे. शेवटी त्या म्हणाल्या, दार लाव, ऊब जाते.

आणि फोन अजिबात लागत नाही. पीएलबी म्हणून एक छोटं यंत्र भाड्याने मिळतं, जिवावर बेतलं तर बटण दाबायचं, सिग्नल उपग्रहावरून बचावपथकाकडे जातो. ते न घेता जाऊ नका. ताईला लिहून द्या, कुठल्या वाटेने, कुठल्या तारखेला बाहेर येणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कळवायचं. हटमध्ये रजिस्टर असतं त्यात प्रत्येक ठिकाणी नाव आणि पुढचा बेत लिहायचा. मुक्काम नसला तरी लिहायचं, शोधायची वेळ आली तर त्यावरूनच शोधतात.

काका_पंचवटी

हे वाचून बरं वाटलं. मग जा. पण त्याआधी इथे रतनगड, कात्राबाई, हरिश्चंद्रगड तीन दिवसांत करा, पूर्ण वजन पाठीवर घेऊन, स्वयंपाक स्वतःचा. रतनवाडीला सुरू, पाचनईला शेवट. कात्राबाईच्या खिंडीत वाट चुकते, कुमशेतच्या बाजूचा कोणीतरी वाटाड्या घ्या, तिथे एकटेपणाची हौस नको. जेवण मात्र गावात मागायचं नाही, मावशी कितीही म्हणाल्या तरी.

सातपूरचा_भटक्या

मावशींना नाही म्हणणं हाच सगळ्यात अवघड भाग दिसतोय. काका, पुढच्या शनिवारी निघतोय, वाटाड्या ठरवला. मेघाताई, खाण्याचं काय? थालीपीठाची भाजणी, मेतकूट, चिवडा नेऊ का इथून?

मेघा_गंगापूररोड

मध, घरचं तूप अजिबात नको. बाकी खाण्याचं जे न्याल ते तिकडे उतरताना भरायच्या फॉर्मवर लिहायचंच, लपवलं आणि सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. काढून घेतलं तर घेतलं, क्राइस्टचर्चला इंडियन दुकानात पोहे-रवा सगळं मिळतं. गॅसचा डबा विमानात चालत नाही, तिकडेच घ्या.

आणि बूट! विमानतळावर ते खरंच उलटे करून बघतात. अंजनेरीची माती खाचांत अडकलेली असेल तर टोकदार काडीने काढा, मग जुन्या टूथब्रशने घासा, वाळवा. माझे त्यांनी आत नेऊन धुऊन आणून दिले, इतके स्वच्छ दुकानातसुद्धा नव्हते.

पप्पू_अंबड

म्हणजे बूट तसेच न्यायचे, फुकट सर्विसिंग

काका_पंचवटी

पप्पू गप. भटक्या, आईला सांगितलं का ते आधी लिही.

सातपूरचा_भटक्या

काल रात्री सांगितलं. पाच मिनिटं काही बोललीच नाही, मग म्हणाली तिथे जेवायला कोण देणार, मी म्हटलं मीच करणार, तर हसायलाच लागली. आता दाजींच्या गुडघ्यांसाठी तेलाची बाटली बांधून देतेय. फॉर्मवर लिहावं लागेल का हो ते?